अँटिक : आधी होतं ते

आज आपण एकाच शब्दाचा इतिहास पाहू. आजीचा पितळी हंडा दिवाणखान्यात आणून ठेवला, की आपण त्याला कौतुकानं ‘अँटिक’ म्हणतो. आणि एखादा माणूस विक्षिप्त वागला, की ‘अँटिक पीस आहे!’ म्हणून त्याला हसतोही. एकच शब्द दोन्हीकडे कसा काय चालतो?

हा शब्द इंग्रजीत आला तो लॅटिन ‘अँटिक्वुस’वरून. त्याच्या मुळाशी आहे ‘आन्ते’, म्हणजे आधी, पुढे. संस्कृतातला ‘अन्ति’, म्हणजे समोर, जवळ, हा त्याचाच भाऊबंद. रोमन माणूस एखादी गोष्ट ‘अधिक अँटिक्वुस’ म्हणे, तेव्हा ‘अधिक महत्त्वाची’ असाही तिचा अर्थ होई. आधीचं ते वजनदार, ही त्यांची धारणा.

पुढे इ. स. १४८०च्या सुमारास रोममध्ये सम्राट नीरोच्या महालातली जमिनीखाली गाडली गेलेली दालनं सापडली. भिंतींवर अर्धी माणसं, अर्ध्या वेली अशी चित्रं होती. अशा चित्रांना इटालियनमध्ये ‘अँतिको’ म्हणू लागले. त्यावरूनच इंग्रजीत ‘अँटिक’ म्हणजे विचित्र, विदूषकी चाळे हा वेगळा शब्द झाला. आपली थट्टा थेट तिथून आली असं आम्ही म्हणत नाही. पण जुनं समजेनासं झालं की ते हास्यास्पद दिसतं, हे मात्र दोन्हीकडे सारखंच.

आता कायद्याकडे बघा. भारताच्या १९७२च्या पुरावस्तू कायद्यात साधारणपणे १०० वर्षांची अट आहे. महत्त्वाच्या हस्तलिखितांना ७५ वर्षं पुरतात. म्हणजे वस्तू तीच, आणि एका वर्षात ती पुरावस्तू होते! वस्तूत काय बदललं? काहीच नाही. ‘आधी’ म्हटलं की ‘कुणाच्या आधी?’ हा प्रश्न आलाच. त्याचं उत्तर वस्तूत नसतं, ते पाहणाऱ्या आपल्यात असतं.

निरुक्तकार यास्कानं ‘पुराण’ शब्दाचा अर्थ लावला तो असा, की जे पूर्वी नवं होतं ते. व्युत्पत्ती म्हणून ते टिको न टिको, विचार म्हणून पक्कं आहे. तो हंडा एके काळी नवा होता, कुणीतरी पैसे साठवून घेतला होता, त्यात रोज पाणी तापत होतं. किती जुना, किंमत किती, हे बाजार विचारतो. नवा होता तेव्हा तो कुणाचा, कशासाठी होता, हे इतिहासानं विचारायचं असतं. घरी गेल्यावर आपल्या हंड्याला एवढं विचारून बघू या.