ठिपक्यांची भूल

आमची आई दिवाळीत ठिपक्यांची रांगोळी घाली. ठिपके नजरेच्या अंदाजानेच मांडी. एका वर्षी एक ओळ गव्हाभर सरकली आणि रेघा जुळवता जुळवता सबंध कमळ तिरके झाले. ओळ साफ चुकली असती तर तिला तेव्हाच कळले असते. जवळजवळ बरोबर होती, म्हणून फसगत! परवा स्फटिकशास्त्रातले एक प्रकरण वाचताना मला ती ओळ आठवली.

प्रथिनांचेही स्फटिक बनतात, आणि त्यांतून क्ष-किरण सोडले की पलीकडे ठिपकेच ठिपके उमटतात. ठिपका किती ठळक, ते मोजता येते. पण त्याची लहर पुढे होती की मागे, हे ठिपका सांगत नाही. अर्धी हकीकत हरवलेलीच. मॅक्स पेरुट्झ यांनी केंब्रिजला १९३७ साली हिमोग्लोबिन हाती धरले. रेणूला पाऱ्याचे अणू चिकटवून हरवलेली हकीकत मिळवण्याची वाट त्यांना १९५३ साली सापडली, आणि रेणूचा आकार दिसायला १९५९ उजाडले. बावीस वर्षे! पुढे १९६२ साली रॉसमन आणि ब्लो यांच्या गणितातून आणखी एक रीत निघाली. नात्यातल्या एखाद्या रेणूचा आकार ठाऊक असेल, तर तोच नव्या स्फटिकात फिरवून, सरकवून बसवून पाहायचा. आज पुष्कळ काम याच रीतीने होते.

मात्र रेणू एकाच दिशेला तोंड करून, जवळजवळ सारख्या अंतराने रांगेत उभे राहिले, की हे गणित गडबडते. काही ठिपके भलतेच ठळक होतात, काही पुसट, आणि खरे उत्तर खोट्यातून निवडता येईना होते. अंतर आणि ठेवण अगदी तंतोतंत सारखी असती तर काळजी नव्हती. नक्षीचा घटकच लहान धरून मोकळे होता आले असते.

पोलंडच्या पोझनान शहरातल्या संशोधकांपुढे असाच एक स्फटिक आला. सेंट जॉन्स वर्ट नावाची पिवळ्या फुलांची एक औषधी वनस्पती आहे. तिच्यातल्या हायप-१ या प्रथिनाचा. चार चार रेणूंचे एकेक जुडगे आणि अशी सात जुडगी एका ओळीत. त्यात भर म्हणजे स्फटिक एकसंध नव्हता. चार जुळी अंगे एकमेकांत मिसळलेली, त्यामुळे असलेल्याहून अधिक सममिती असल्याचा भास! मी तर हात टेकले असते.

केंब्रिजच्या एअरली मकॉय आणि रँडी रीड यांनी या फसव्या सारखेपणालाच आपल्या ‘फेझर’ या संगणक-प्रणालीच्या हिशेबात जागा दिली. मग सगळ्यांनी मिळून एक धाडस केले: सममिती मुळीच नाही असे धरून एकेक रेणू स्वतंत्रपणे बसवला. किती? छप्पन्न! नैवेद्याच्या ताटाची आठवण व्हावी असा आकडा. ते सारे बसल्यावर त्यांच्या मांडणीतूनच खरी सममिती वाचता आली. अठ्ठावीस रेणू स्वतंत्र निघाले, उरलेले अठ्ठावीस त्यांचे जोडीदार. हे सारे २०१४ साली प्रसिद्ध झाले.

स्फटिकात एक चमकणारे रंगद्रव्यही घातलेले होते. ते प्रथिनाला कोठे आणि कसे चिकटले, तेही आता दिसू लागले. आणि पाण्याशी न जमणारे पदार्थ हे प्रथिन कसे धरून ठेवत असेल, याचा धागा हाती आला.