खोगिरातून उतरलेले गवत

राज्यांचा इतिहास लिहिला जातो, किल्ल्यांचा लिहिला जातो. गवताचा इतिहास लिहावा असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. पायांखाली तुडविले जाणारे ते! परंतु एका खंडाच्या मध्यभागाचे रूप ज्याने शंभर-दीडशे वर्षांत पालटून टाकले, असे एक गवत आहे. आणि ते आपल्या चांगल्याच ओळखीचे आहे. आपल्याकडे त्याला अंजन किंवा धामण म्हणतात, तर ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेत ते बफेल गवत या नावाने प्रसिद्ध आहे. अंजन नावाचा जो वृक्ष आपल्या रानांत आढळतो, त्याच्याशी या गवताचा काही संबंध नाही.

आफ्रिका, अरबस्तान आणि भारताचा कोरडा पश्चिम भाग हे या गवताचे माहेर होय. लिनीअस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १७७१ साली त्याचे नामकरण केले, तेव्हा कणसावरील मऊ केसांवरून त्याने ‘सिलिआरिस’ हे विशेषण योजिले. या लॅटिन शब्दाचे मूळ पापणीच्या केसांत आहे. एका भाषेने या गवतात पापणी पाहिली, तर दुसरीने त्याला डोळ्यांत घालावयाच्या अंजनाचे नाव दिले, हा योगायोग मोठा मौजेचा आहे.

मारवाडच्या वालुकामय प्रदेशात या गवताला मान आहे. पाऊस बेताचाच, तरीही त्याची मुळे खोल जाऊन ओलावा शोधतात, वाळू धरून ठेवतात, आणि वरचे पान वाळले तरी बुडखा जिवंत राहतो. गाई, मेंढ्या आणि उंट ते आवडीने खातात. जोधपूर येथे १९५९ साली स्थापन झालेल्या मरुक्षेत्र संशोधन संस्थेने आणि ग्वाल्हेरपासून फारशा दूर नसलेल्या झाशीत १९६२ साली सुरू झालेल्या चारा संशोधन संस्थेने त्याच्या सुधारित जाती काढल्या. ‘मारवाड अंजन’ आणि ‘बुंदेल अंजन’ ही त्यांची नावेच त्यांची जन्मभूमी सांगतात.

असे हे गुणी गवत समुद्रापार गेले कसे? ऑस्ट्रेलियाचा अंतर्भाग ओलांडण्यास घोडे व बैल अपुरे पडू लागले, तेव्हा तेथील लोकांची दृष्टी उंटांकडे वळली. १८६० साली बर्क आणि विल्स यांच्या प्रसिद्ध मोहिमेसाठी हिंदुस्थानातून उंट नेण्यात आले. १८६६ साली टॉमस एल्डर या व्यापाऱ्यासाठी आणलेले शंभराहून अधिक उंट आणि त्यांचे उंटवाले दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याला उतरले. हे उंट कराचीहून जात, आणि कराची त्या काळी मुंबई इलाख्यात होती. पठाण, बलुची, सिंधी, पंजाबी अशा त्या सर्व उंटवाल्यांना तेथे सरसकट ‘अफगाण’ म्हणत. त्यांनी त्या वाळवंटात तारेचे खांब वाहिले, धान्य वाहिले, लोकर वाहिली.

उंटांच्या खोगिरांत वाळलेले गवत ठासून भरलेले असे. खोगिरे फाटली, उसवली, पुन्हा भरली गेली, आणि त्यांतले बी वाटेवर सांडत गेले. १८७० नंतरच्या काळात हे गवत त्या देशात असेच पोहोचले, असे मानले जाते. मराठीत निरुपयोगी भरण्याला आपण ‘खोगीरभरती’ म्हणतो. येथे मात्र खोगीरभरतीनेच इतिहास घडविला.

पहिले आगमन असे अजाणता झाले. पुढचा प्रसार जाणूनबुजून झाला. विसाव्या शतकात पशुपालकांनी आणि सरकारी खात्यांनी आफ्रिकेतून निवडक वाण आणून क्वीन्सलंडच्या कुरणांत पेरले. १९५८ ते १९६५ या वर्षांत मध्य ऑस्ट्रेलियात भीषण अवर्षण पडले. आधीच गुरांनी खरवडलेली जमीन उघडी पडली आणि ॲलिस स्प्रिंग्ज गावावर धुळीची वादळे येऊ लागली. अशा वेळी धूळ बसविणारे गवत कोणाला नको असेल? ते पेरले गेले, रुजले, आणि धूळ खरोखरच बसली. पेरणाऱ्यांना दोष देणे आज सोपे आहे. परंतु त्यांच्यापुढील संकटही खरे होते.

मारवाडात जे गुण ठरले, तेच येथे घातक ठरले. या गवताचे बी बहुतांशी अंडपेशीच्या फलनाशिवायच धरते. म्हणून एक एकटे रोपही आपल्यासारखी असंख्य रोपे निर्माण करते. केसाळ बी वाऱ्याबरोबर उडते, जनावरांच्या अंगाला चिकटते. ते नदीकाठ व्यापते, आणि स्थानिक झुडपांमधील मोकळी जमीन भरून काढते. पूर्वी ही मोकळी जमीनच वणव्याला अडवीत असे. आता आग अखंड धावते. वणव्यानंतर अंजन बुडख्यातून पुन्हा फुटते. शेकडो वर्षांचे नदीकाठचे निलगिरी वृक्ष मात्र पुन्हा उभे राहत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये ॲलिस स्प्रिंग्जच्या पश्चिमेकडील राष्ट्रीय उद्यानात भडकलेल्या वणव्यांना याच गवताने इंधन पुरविले.

यात सर्वांत मोठी हानी झाली ती त्या भूमीच्या मूळ रहिवाशांची. रानातील फळे, दळून भाकर करण्याजोगे तृणबीज, घोरपडीचे माग या साऱ्यांवर त्यांचे अन्न आणि त्यांच्या परंपरा आधारलेल्या. दाट गवतात माग दिसेनासे झाले, फळझाडे दबली. आणि मुलांना दाखवावी अशी भूमीच आजी-आजोबांच्या डोळ्यांदेखत बदलत गेली.

अमेरिकेतही हीच कथा घडली. केनियातील एक वाण दुसऱ्या महायुद्धानंतर टेक्सासच्या कुरणांत पसरला; मेक्सिकोच्या सोनोरा प्रांतात वाळवंटी रान नांगरून त्याची पेरणी झाली. शेजारच्या ॲरिझोनात साग्वारो नावाचे निवडुंग आहे. त्याला पहिली फांदी फुटावयासच पन्नासएक वर्षे लागतात. आगीशी त्याची ओळखच नव्हती. तेथे २००५ साली अंजनाला अनिष्ट तण ठरविण्यात आले, आणि आज स्वयंसेवक डोंगरउतारांवर कुदळी घेऊन त्याचे एकेक ठोंब उपटतात.

दक्षिण ऑस्ट्रेलियाने २०१५ मध्ये आणि नॉर्दर्न टेरिटरीने २०२४ मध्ये त्याला कायद्याने तण ठरविले. तरीही वाद मिटलेला नाही. अनेक पशुपालकांची गुरे आजही याच गवतावर जगतात. त्यांना ते शत्रू कसे वाटावे? एकाचा चारा तो दुसऱ्याचा वणवा, अशी ही अडचण आहे.

गवत तेच आहे. मारवाडात ते वाळू धरून ठेवते आणि गुरे जगविते. परक्या भूमीत तेच रान जाळते. दोष त्याच्या स्वभावाचा नव्हे. एका भूमीचे दुखणे दुसऱ्या भूमीच्या औषधाने बरे करताना त्या भूमीला आणि तिच्या जुन्या माणसांना कोणी विचारले नाही, हा खरा दोष. पडीक जमिनीवर काही नवे पेरू पाहणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यांत या गवताने घातलेले हे अंजन आहे.