कॅराव्हॅन घेऊन कुंडलिकेकाठी मुक्कामाला जाताय? आधी या नदीचं वेळापत्रक समजून घ्या

सध्या इन्स्टाग्राम उघडलं की चार-पाच रील्सनंतर एक कॅराव्हॅन दिसतेच. झाडीत उभी गाडी, बाहेर टाकलेल्या खुर्च्या, हातात चहाचा कप आणि समोर शांत नदी. हिंदमाता, परळ, लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीत बसून हे बघितलं की वाटतंच, एखादा शनिवार-रविवार आपणही असं जावं.

दादर-परळकरांना त्यासाठी फार लांब जायची गरज नाही. रायगड जिल्ह्यातलं कोलाड आणि तिथली कुंडलिका नदी साधारण सव्वाशे किलोमीटरवर आहे. पण या नदीची एक खासियत आहे, आणि ती माहीत नसेल तर सहल जिवावर बेतू शकते.

कॅराव्हॅन म्हणजे नेमकं काय?

सोप्या भाषेत, चाकांवरचं छोटं घर. झोपायची जागा, लहानसं स्वयंपाकघर, पाण्याची टाकी आणि बहुतेक वेळा टॉयलेट. काही कॅराव्हॅन स्वतः चालतात, काही ट्रेलरसारख्या दुसऱ्या गाडीमागे ओढाव्या लागतात.

महाराष्ट्राने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं. त्यात गाड्यांसोबत कॅराव्हॅन पार्कचाही विचार आहे. पार्क म्हणजे गाडी लावायला सपाट जागा, पाणी, विजेचा पॉइंट आणि सांडपाण्याची सोय असलेलं ठिकाण.

आता दोन गोष्टी लक्षात ठेवा. भाड्याने कॅराव्हॅन घेत असाल तर ती व्यावसायिक नोंदणीची हवी, पांढऱ्या नंबरप्लेटची खासगी गाडी भाड्याने देणं नियमात बसत नाही. आणि स्वतःच्या व्हॅनचं घर करायचं असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरटीओच्या परवानगीशिवाय असे बदल करता येत नाहीत.

जायचं कसं?

जानेवारी 2024 मध्ये अटल सेतू सुरू झाल्यापासून या भागातल्या लोकांचं काम सोपं झालंय. हिंदमाताहून शिवडी जवळच. तिथून सेतूवरून चिर्ले, मग मुंबई-गोवा महामार्गाने पेण, वडखळ, नागोठणे आणि कोलाड. गाडी उंच असेल तर निघण्याआधी मालकाला उंची विचारा, कारण मुंबईत काही पुलांवर आणि रस्त्यांवर उंचीचे अडथळे लावलेले आहेत.

उन्हाळ्यातही कुंडलिकेला पाणी कुठून येतं?

इथे गोष्ट थेट आपल्या गिरणगावाशी येऊन जोडली जाते.

1915 मध्ये टाटांच्या खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून मुंबईच्या कापड गिरण्यांना वीज मिळू लागली. विजेची भूक वाढली तशी पुढची योजना आली ती मुळशीची. मुळशी पेट्यातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी पाण्याखाली जाणार होत्या. त्याविरोधात 1921 मध्ये मुळशी सत्याग्रह सुरू झाला, सेनापती बापट त्याचे नेते होते. सत्याग्रह झाला, तरी धरण झालंच. 1927 मध्ये भिरा वीज केंद्र सुरू झालं.

मुळा नदी खरं तर पूर्वेला, पुण्याकडे वाहते. धरणाने तिचं पाणी अडवलं आणि ते सह्याद्रीच्या कड्यावरून पश्चिमेला, खाली भिऱ्याला आणलं. वीज तयार झाल्यावर हे पाणी पुढे रवाळजेमार्गे कुंडलिकेत येतं. म्हणून कोकणातल्या बऱ्याच नद्या एप्रिल-मेमध्ये कोरड्या पडतात, पण कुंडलिकेत तेव्हाही राफ्टिंग चालतं.

मग धोका कुठे आहे?

हिंदमाताला पाणी भरतं तेव्हा ते आपल्याला दिसतं. पाऊस पडतो, समुद्राला भरती असते, बशीसारख्या खोलगट भागात पाणी साचतं. म्हणजे आभाळाकडे बघून अंदाज येतो.

कुंडलिकेत आभाळाकडे बघून काही कळत नाही. इथलं पाणी विजेच्या गरजेप्रमाणे सोडलं जातं. पाणी सोडलं की लख्ख उन्हातही नदी चढते, थांबवलं की उतरते. राफ्टिंगवाले सकाळी याच पाण्याची वाट बघतात. म्हणजे काल संध्याकाळी ज्या कोरड्या खडकावर बसून फोटो काढले, तो सकाळी पाण्याखाली असू शकतो. पात्रात लावलेला तंबू किंवा गाडी तर विचारूच नका.

पावसाळ्यात परिस्थिती आणखी अवघड. धरणाच्या पाण्यात घाटातला पाऊस मिसळतो आणि पुढे रोह्यात कुंडलिका इशारा पातळी ओलांडते. 30 जून 2024 ला लोणावळ्यात भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. वरून आलेल्या लोंढ्याने त्यांना बाहेर पडायला वेळच दिला नाही.

काय जपायचं?

- जागा: गाडी पात्रात किंवा वाळूवर उतरवू नका. काठावरच्या झाडांना अडकलेला कचरा आणि गाळ दिसतो, तिथपर्यंत पाणी येऊन गेलेलं असतं. मुक्काम त्याच्या बराच वर हवा.
- पोहणं: पाणी कधी सुटतं हे स्थानिकांना विचारल्याशिवाय उतरू नका. लाइफ जॅकेट घालाच.
- शेकोटी: आरक्षित वनात आग लावणं भारतीय वन अधिनियम 1927 प्रमाणे गुन्हा आहे. खासगी कॅम्पवर मालकाने दाखवलेल्या जागीच पेटवा.
- गाडीच्या आत: थंडी वाजते म्हणून कोळशाची शेगडी आत घेऊन दारं-खिडक्या लावू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच माणूस दगावतो.
- सांडपाणी: टॉयलेटची टाकी नदीत किंवा झाडीत रिकामी करू नका. खालच्या गावांत हेच पाणी वापरलं जातं.

कधी जावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. हवा गार, झाडी हिरवी आणि वरून पावसाची भीती नाही. जून ते सप्टेंबरमध्ये नदीकाठचा मुक्काम टाळलेलाच बरा.

बुकिंग करताना फोटो सगळेच छान पाठवतात. तुम्ही फक्त तीन प्रश्न विचारा. गाडी नदीपासून किती उंचावर उभी राहणार? पाणी सोडल्याचं तुम्हाला कसं कळतं? आणि रात्री काही झालं तर गाडी बाहेर काढायला रस्ता कुठला? ज्याच्याकडे या तिन्हींची सरळ उत्तरं आहेत, त्याच्याकडेच पैसे भरा.