बांहेधरी : विकत घेतलेल्या अभयाची कथा

धनिकाने आपल्या जीविताच्या व वित्ताच्या रक्षणार्थ शस्त्रधारी मनुष्य पदरी ठेवावा, ही रीत आजची नव्हे. आजचे उद्योगपती सहकुटुंब अंगरक्षकांच्या गराड्यात वावरताना दिसतात, तेव्हा आम्हांस बडोद्याच्या जुन्या सावकारांचे स्मरण होते.

गुजराती भाषेत हमीस ‘बांहेधरी’ म्हणतात. बांह म्हणजे बाहू. ज्याचा हात धरला त्यास अंतर द्यावयाचे नाही, हा त्यातील भाव. अठराव्या शतकाच्या अखेरीस गायकवाडांच्या अरब शिबंदीचे जमादार अशी बांहेधरी देत असत. कर्जफेडीचे वचन राजाने द्यावे, पण सावकाराने विसंबावे ते जमादाराच्या शब्दावर! जीविताचे अभयही त्याच शब्दाने मिळे. उलट त्या शिबंदीस पैसा पुरवीत ते मंगळ पारेख व सामळ बेचर यांच्यासारखे सावकार. धन शस्त्रास पोशी आणि शस्त्र धनाची राखण करी. दोघांना जाब विचारणारा मात्र कोणी नव्हता.

याचा परिणाम लवकरच दिसला. १८०० साली गोविंदराव गायकवाड निवर्तले आणि दुर्बळ मनाचे आनंदराव गादीवर आले. दिवाण रावजी आपाजी यांनी १८०२ मध्ये इंग्रजांचे साहाय्य घेऊन अरबांस रजा देण्याचे योजिले. तेव्हा थकलेल्या पगारासाठी अरबांनी खुद्द महाराजांनाच अटकेत ठेविले. कुंपणच शेत खाऊ लागले! इंग्रजी फौजेने बडोद्यास वेढा दिला. डिसेंबरात अरब शरण आले आणि थकबाकी घेऊन मुलूख सोडण्यास कबूल झाले. त्यांच्या बांहेधरीचा भार कंपनी सरकारने स्वतःकडे घेतला.

परंतु हा नवा जामीनदार तरी निःस्वार्थी होता काय? गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन अहमदाबादचा इजारा व हिशेब यांच्या वाटाघाटीसाठी कंपनीच्या अभयावर पेशव्यांकडे गेले. जुलै १८१५ मध्ये पंढरपुरी विठोबाच्या देवळातून रात्री परतताना त्यांचा खून झाला. संशय त्रिंबकजी डेंगळ्यावर आला. इंग्रजांनी त्यास पेशव्यांकडून मागून घेऊन ठाण्याच्या किल्ल्यात ठेविले, तेथून तो १८१६ मध्ये निसटला. पुढे जून १८१७ च्या पुणे तहाने दुसऱ्या बाजीरावास गायकवाडांवरील जुने हक्क सोडावे लागले. हमीने शास्त्रीबोवांचे प्राण वाचले नाहीत. हमी देणाऱ्याचे सामर्थ्य मात्र तिच्या भंगातून वाढले.

कायद्याच्या दृष्टीने पाहता या कथेचे मर्म एकच : पहारेकऱ्यास पगार कोण देतो, यापेक्षा त्यास जाब कोण विचारतो, हे महत्त्वाचे. २००५ च्या खासगी सुरक्षा संस्थांविषयीच्या केंद्रीय कायद्याने अशा संस्थेस परवाना आवश्यक केला आणि तिच्या पहारेकऱ्याने पोलिसांसारखा वा सैनिकांसारखा गणवेश घालणे हा गुन्हा ठरविला. पैशाने पहारा विकत घेता येतो, राजसत्ता नव्हे, हेच त्याचे तात्पर्य. देवळाच्या दारी पहारा नेमणाऱ्या विश्वस्तांनीही परवाना पाहावा आणि पगार थकू देऊ नये. बडोद्यास जे घडले, त्याचा आरंभ थकलेल्या पगारापासूनच झाला होता.