ब्रेटन वुड्सची थकबाकी

मी पेमेंटचं सॉफ्टवेअर लिहितो. रुपयांचे डॉलर करताना ‘ब्रेटन वुड्स’ हे नाव अधूनमधून कानावर पडायचं. मला तो नुसता एक करार वाटायचा. गेल्या ऑक्टोबरात बॉस्टनहून न्यू हॅम्पशरला गेलो आणि ते गाव प्रत्यक्ष पाहिलं. पांढरं, लाल छपराचं माउंट वॉशिंग्टन हॉटेल, मागे १९१७ मीटर उंचीचा डोंगर, पुढे डोनाल्ड रॉसने आखलेलं गोल्फचं मैदान, आत स्पा. भाडं पाहून मी फक्त कॉफी घेतली.

कोळसा आणि रेल्वेत पैसा कमावलेल्या जोसेफ स्टिकनीने १९०२ साली हे हॉटेल उघडलं. युद्धकाळात ते बंद होतं. जुलै १९४४मध्ये ४४ देशांचे प्रतिनिधी येणार म्हणून घाईने डागडुजी झाली. इथलं थंड हवामान केन्सच्या दुबळ्या हृदयालाही मानवणारं होतं. तीन आठवड्यांत नाणेनिधी आणि जागतिक बँक यांचे मसुदे तयार झाले.

भारताच्या शिष्टमंडळाचे प्रमुख जेरेमी रेझमन इंग्रज होते. पण त्यात महाडजवळच्या नाते गावचे चिंतामणराव देशमुखही होते, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर.

प्रश्न उधारीचा होता. युद्धासाठी ब्रिटनने भारतातून माल उचलला, त्याबदली लंडनमधल्या खात्यात पौंड जमा दाखवले. इथे त्या पौंडांच्या आधारावर रुपये छापले गेले, महागाई भडकली. १९४३च्या दुष्काळात बंगालमध्ये लाखो माणसं मेली. म्हणजे उपाशी देश धनको होता आणि साम्राज्य ऋणको. यातला काही भाग तरी इतर चलनांत बदलून मिळावा, अशी मागणी ए. डी. श्रॉफ यांनी मांडली. ब्रिटनने नकार दिला: हा आमचा आपसातला मामला आहे, नाणेनिधीचा नाही.

भारताला निधीत ४० कोटी डॉलरचा कोटा मिळाला; चीनला ५५ कोटींचा. पुढे सोव्हिएत रशिया बाहेर राहिला आणि भारत पहिल्या पाचांत आला. पौंड मात्र स्वातंत्र्यानंतर हप्त्याहप्त्याने सुटले.

ज्या गोल्ड रूममध्ये सह्या झाल्या, ती आजही दाखवतात. मी दारात थोडा वेळ उभा राहिलो. आमच्या सिस्टिममध्ये पैसे अडकले की ग्राहक दहा मिनिटांत फोन करतो. देशमुख-श्रॉफ यांच्यामागे चाळीस कोटी माणसं होती, आणि फोन कुणाला करायचा तर ज्याने पैसे अडकवले त्यालाच.