कात्रणाचं कूळ

पेपरातली कात्रणं घेऊन वर्गात येणारे वाणिज्याचे मास्तर आपल्याकडे पुष्कळ. २००८ साली टाटांची नॅनो सिंगूरहून साणंदला गेली, तेव्हा ‘कारखान्यासाठी जागा कशी निवडतात’ हा एरवी पेंग आणणारा धडा एकदम ऐकण्याजोगा झाला. पुढच्या जानेवारीत ‘सत्यम’च्या अध्यक्षांनी हिशेब फुगवल्याची कबुली दिली आणि लेखापरीक्षक हा प्राणी काय करतो (किंवा करत नाही) हे बारावीच्या पोरांनाही कळलं. पण मान मात्र कात्रणाला नाही. कात्रण म्हणजे तोंडी लावणं. खरं ताट म्हणजे हार्वर्डहून आलेली छापील केस स्टडी, असा एकूण समज. मला हा समज उलटा करायचा आहे. थोरलं कूळ कात्रणाचं आहे, केस त्याची धाकटी पाती.

प्रचलित कुळकथा अशी: क्रिस्टोफर कोलंबस लँगडेल (नाव खरंच असं होतं) १८७० साली हार्वर्डच्या कायदा महाविद्यालयाचे डीन झाले. व्याख्यानं बाजूला सारून त्यांनी विद्यार्थ्यांना जुने निकाल वाचायला लावले. १९०८ साली हार्वर्डचं बिझनेस स्कूल निघालं. १९१९ साली वॉलेस डॉनम तिथे डीन झाले. ते स्वतः लँगडेलच्याच महाविद्यालयाचे पदवीधर. त्यांनी ती पद्धत इकडे आणली आणि मग ती जगभर गेली. चार वाक्यांत आटोपणारी, सरळ, गोजिरी वंशावळ. सरळ वंशावळींबद्दल मला नेहमीच संशय येतो.

धागा सापडला तो भलतीकडेच. अमेरिकेतलं ‘बिझनेस वीक’ हे साप्ताहिक कुठून आलं ते शोधत होतो. पहिला अंक ७ सप्टेंबर १९२९चा. म्हणजे न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळायच्या जेमतेम दीड महिना आधी कंपन्यांच्या बातम्यांचा हा धंदा सुरू झाला. पण ते कोऱ्या पाटीवर सुरू झालं नव्हतं. मॅकग्रॉ-हिल कंपनीने आदल्या वर्षी शिकागोचं एक जुनं मासिक विकत घेतलं होतं, त्याचं हे नवं रूप. मासिकाचं मूळ नाव ‘सिस्टिम’, संस्थापक आर्च विल्किन्सन शॉ. आणि हे नाव वाचताच मी थबकलो, कारण हार्वर्डच्या इतिहासात ते आधी भेटलं होतं. १९११-१२च्या सुमारास तिथे ‘बिझनेस पॉलिसी’ हा विषय पहिल्यांदा शिकवायला उभा राहिलेला माणूस हाच!

शॉचा मूळ धंदा फायली ठेवायच्या कपाटांचा. १८९९ साली मिशिगनमध्ये त्याने भागीदारीत ‘शॉ-वॉकर’ काढली आणि लगेच १९०० साली हे मासिक. कपाटवाल्याने मासिक कशाला काढावं? माझा अंदाज साधा आहे: कपाट विकायचं तर आधी गिऱ्हाइकाला त्यात काय, कसं आणि का ठेवायचं ते शिकवावं लागतं. अमक्या दुकानाने उधारी कशी वसूल केली, तमक्या कारखान्याने भांडारातल्या मालाची नोंद कशी ठेवली, असला ऐवज ‘सिस्टिम’मध्ये महिन्याच्या महिना येई. धंदेवाल्याची चालू अडचण हाच या मासिकाचा कच्चा माल होता.

पुढे हा गृहस्थ हार्वर्डच्या परिसरात येऊन राहिला, अर्थशास्त्र शिकला आणि मालाच्या वितरणावर त्याने १९१२ साली अर्थशास्त्राच्या एका मान्यवर त्रैमासिकात निबंधही लिहिला. बिझनेस स्कूलचे पहिले डीन एडविन गे यांची आणि त्याची गट्टी जमली. गे होते आर्थिक इतिहासाचे प्राध्यापक, जर्मनीत शिकलेले. त्यांच्याकडे शाळा होती, विद्यार्थी होते, पण शिकवायला मजकूर नव्हता. शॉने तो आणला, कागदावर नव्हे, चालत्या पायांनी. वर्गात एक उद्योजक यायचा आणि आपल्या कंपनीपुढची या घडीची अडचण सांगायचा. मुलं प्रश्न विचारायची. दुसऱ्या बैठकीला मुलांनी आपलं विश्लेषण आणि तोडगा लिहून द्यायचा. तिसऱ्या बैठकीला तो उद्योजक परत यायचा आणि त्या तोडग्यांची चिरफाड करायचा.

हे मासिकाचंच सदर आहे, फक्त छापखान्यातून वर्गात हलवलेलं. संपादक जे करतो तेच शॉने केलं: माणूस गाठला, त्याची अडचण काढून घेतली आणि वाचकांपुढे टाकली.

लँगडेलपंथी इथे एक भक्कम पुरावा पुढे करतील. १९०८च्या पहिल्याच माहितीपत्रकात लिहिलं होतं, की व्यापारी कायद्याला केस पद्धत वापरू आणि बाकीच्या विषयांना तिच्याशी मिळतीजुळती ‘प्रॉब्लेम’ पद्धत. शॉ येण्याच्या आधीची ही गोष्ट. मान्य. पण माहितीपत्रकात लिहिणं आणि वर्गात करणं यांतलं अंतर ज्याने कुठलंही माहितीपत्रक वाचलं आहे त्याला सांगायला नको. शिवाय तिथला शब्द पाहा: ‘प्रॉब्लेम’. १९२० साली मेल्विन कोपलँड यांनी विपणनाचं पुस्तक काढलं, त्याच्याही नावात ‘प्रॉब्लेम्स’च आहे. ‘केस’ हे नाव रुळलं ते डॉनम यांच्या काळात. वकील डीनने बारसं वकिली थाटात केलं, एवढंच.

आणि मुख्य फरक तर पुढेच आहे. लँगडेलच्या वर्गातली केस म्हणजे संपलेला खटला. निकाल लागलेला, न्यायाधीशाने कारणं लिहून ठेवलेली. विद्यार्थ्याने त्यातून तत्त्व उकलायचं. शॉच्या वर्गात आलेल्या उद्योजकाला उत्तर ठाऊकच नव्हतं. या दोन गोष्टींत बाप-लेकाचं नातं लावणं म्हणजे फक्त आडनाव बघून सोयरीक जुळवणं.

तिसरा दावेदार वैद्यकाचा आहे, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा जास्त धाक वाटतो. रुग्ण जिवंत असतो, त्याचं पुढे काय होणार ते डॉक्टरलाही नक्की ठाऊक नसतं. पण गंमत अशी की हार्वर्डमध्येच शिकणाऱ्या वॉल्टर कॅनन या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने १९०० साली छापील केसवरून शिकवण्याचा आग्रह धरला, तो खोलीत राहणाऱ्या कायद्याच्या मित्राचा अभ्यास पाहून. म्हणजे जिवंत रोगी हाताशी असताना डॉक्टर कागदाकडे निघाले होते! शॉ नेमका उलट्या दिशेने चालत होता.

मग उद्योजक वर्गातून गेला कुठे? उत्तर रोकड्या सोयीचं आहे. दर आठवड्याला कारखानदार कोण पकडून आणणार? डॉनम यांनी माणसं पाठवून कंपन्यांतून प्रसंग लिहवून घ्यायला सुरुवात केली. १९२१ साली क्लिंटन बिडल यांची ‘जनरल शू कंपनी’ ही हार्वर्डची पहिली लिखित केस आली: कामगार सुटीच्या वेळेच्या बरेच आधी हात का आवरतात, याची. (बुटांचं काय एवढं? शाळेच्या संशोधन विभागाची १९११ सालची पहिली पाहणीही बुटांच्या किरकोळ दुकानांचीच होती, आणि त्या विभागाला पैशाचा हातभार लावणाऱ्यांतही पुन्हा शॉच.) कागदावर आलेली केस पन्नास ठिकाणी नेता येते, वर्षानुवर्षं वापरता येते. पण ती लिहायची, कंपनीकडून मंजूर करून घ्यायची, छापायची, तोवर अडचण सुटलेली असते, नाहीतर कंपनी बुडालेली.

या छापील रूपातच ती आपल्याकडे आली. १९६१ साली अहमदाबादची आयआयएम हार्वर्डच्या सहकार्याने उभी राहिली आणि केस पद्धत तिथून देशभर पसरली. शॉचं नाव वाटेतच गळालं. त्याची दुसरी शाखा, बातमीची, स्टॉलवर साप्ताहिक म्हणून विकली जात राहिली.

आता मॅगी घ्या. ५ जून २०१५ रोजी अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ती बाजारातून काढायला लावली. त्या आठवड्यात ते कात्रण घेऊन वर्गात गेलेल्या मास्तरांपुढे नेमकी शॉच्या पहिल्या बैठकीची स्थिती होती. नेस्लेने भांडावं की माफी मागावी? परत बोलावलेल्या मालाचा खर्च कुठे दाखवायचा? गमावलेल्या भरवशाची हिशेबात नोंद होते का? उत्तर मास्तरांकडे नव्हतं, कंपनीकडेही नव्हतं. आज तोच प्रसंग शिकवला तर मुलं शेवटाचं पान आधी वाचून येतात: १३ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने बंदी रद्द करून फेरतपासणी सांगितली, नोव्हेंबरमध्ये पाकिटं पुन्हा दुकानात. आता ती लँगडेलची केस झाली आहे, निकाल लागलेली.

कात्रणाच्या पद्धतीत एक उणीव मात्र खरीच आहे. शॉचा उद्योजक तिसऱ्या बैठकीला परत येत असे. पेपर तसा येत नाही. बहुतेक मास्तर बातमी वाचतात, संकल्पना फळ्यावर लिहितात आणि पुढच्या धड्याकडे वळतात. मुलांचे जूनमधले तोडगे लिहून घेऊन नोव्हेंबरपर्यंत कपाटात ठेवायला हवेत. त्यासाठी लागणारं कपाट शॉ विकतच होता.