राखणदार पिलू : घोड-भीमेकाठची एक जुनी शाळा

कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच, ही म्हण महाराष्ट्रात लहान मुलांनाही पाठ असते. शिकविण्याचे श्रम व्यर्थ आहेत असे दर्शवावयाचे असले म्हणजे ती योजतात. परंतु मनुष्याने इतर सर्व पशूंच्या आधी ज्याला शिकवून आपल्या उंबरठ्याशी आणले, त्याच्याच माथी ही म्हण यावी, हा मोठा विलक्षण न्याय होय. शेपूट वाकडे राहते हे खरे. पण ज्याचे ते शेपूट, तो प्राणी लांडग्याच्या कुळात जन्मून लांडग्यापासूनच मेंढरांचे रक्षण करू लागला, ही गोष्ट म्हण रचणाराच्या ध्यानात आलेली दिसत नाही. हे परिवर्तन कशाने घडले, आणि ते प्रत्येक पिलाच्या बाबतीत पुन्हा नव्याने का घडवावे लागते, हे पाहावयाचे असेल तर पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांसारखी दुसरी सोयीची जागा नाही.

सह्याद्रीवर धो धो कोसळणारा पाऊस या भागात येईपर्यंत रिता होतो. वर्षाकाठी २० इंचांच्या आसपास पाऊस पडावयाचा, आणि तोही बेभरवशाचा. घोडनदी शिरूरच्या कडेने वाहत जाऊन पुढे भीमेस मिळते, व भीमा दौंडवरून पंढरपुराकडे जाते. या नद्यांच्या काठची काळी जमीन सोडली तर बाकी सारा मुरमाड माळ. तो नांगरास फारसा मानवत नाही. मेंढरास मात्र मानवतो. जेथे मेंढरू आले तेथे लांडगा आला, आणि जेथे लांडगा आला तेथे कुत्र्यावाचून मनुष्याचे चालेना.

ही सोबत किती जुनी आहे, याचा पुरावा शिरूर तालुक्यातच, घोडनदीच्या उजव्या तीरावरील इनामगाव येथे मिळाला आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातर्फे हसमुख सांकळिया, मधुकर ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी या पुरातत्त्वज्ञांनी १९६८ पासून अनेक हंगाम तेथे उत्खनन केले. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० पासून ७०० पर्यंत नांदलेले एक ताम्रपाषाणयुगीन खेडे त्या पांढरीखालून उजेडात आले. या लोकांचे मुख्य धान्य सातू, म्हणजे जव. त्यांच्या वस्तीत गाईबैल, शेळ्यामेंढ्या यांच्या हाडांबरोबर पाळीव कुत्र्याचीही हाडे सापडली. पुढे पुढे पाऊस ओढ देऊ लागला, शेती खालावली, चौकोनी प्रशस्त घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, आणि हे लोक अधिकाधिक शेळ्यामेंढ्यांवर विसंबून फिरस्ते होऊ लागले, अशी ढवळीकर यांची मांडणी आहे. ती मान्य केली तर या मुलखातील मेंढपाळाच्या भटकंतीचा आरंभ तीन हजार वर्षांमागे जातो, आणि त्याच्या पायाशी चालणारे कुत्रेही तितकेच जुने ठरते. शेजारच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद येथे १९७४ साली सापडलेल्या ब्राँझच्या प्रसिद्ध रथावरही, बैलांच्या जोडीमागे दांडीवर एक कुत्रे उभे आहे. रथ कोणत्या काळचा, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. पण धन्याच्या पुढे उभे राहण्याची कुत्र्याची ती ऐट मात्र आजही ओळखू येते.

हाडांवरून कुत्रा होता एवढे कळते. पिलू कसे वाढविले, हे हाडे सहसा सांगत नाहीत. तथापि एका ठिकाणी तीही बोलली आहेत. जर्मनीत बॉन शहरानजीक ओबरकासेल येथे १९१४ साली सुमारे १४,००० वर्षांपूर्वीची एक कबर सापडली. तीत एक पुरुष, एक स्त्री आणि सुमारे सात महिन्यांचे एक पिलू आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार त्या पिलाच्या दातांवर डिस्टेंपर या भयंकर रोगाच्या खुणा आहेत. या रोगात पिलू खातपीत नाही, उठत नाही. मनुष्याने शुश्रूषा केल्याविना ते काही आठवडे जगणे शक्य नव्हते. शिकारीस निरुपयोगी अशा आजारी पिलाच्या तोंडात कोणीतरी पाणी घातले, अन्न घातले. कुत्र्याच्या इतिहासाचे पहिले वाचता येणारे पान हे असे आहे.

त्यानंतरचा मोठा फेरबदल अन्नात झाला. लांडगा मांसाहारी, मनुष्य शेतकरी झाला तेव्हा त्याच्या उष्ट्यात मांस कमी आणि धान्य अधिक असे. २०१३ साली स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, पिष्टमय पदार्थ पचविणारा रस निर्माण करणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, कुत्र्यात मात्र त्या कित्येक पटींनी अधिक आढळतात. म्हणजे मनुष्याबरोबर राहता राहता कुत्र्याचे पोटच पालटले. इनामगावचा सातू असो वा आजची बाजरीची भाकरी असो, ती पचविण्याची पात्रता कुत्र्याने हजारो वर्षांच्या सहवासाने मिळविली आहे.

धान्यावर पोसलेल्या या कुत्र्यास राखण कशी शिकवावी, याचे लेखी नियम रोमन ग्रंथकार व्हॅरो याने इसवी सनापूर्वी ३७ च्या सुमारास आपल्या शेतीविषयक ग्रंथात दिले आहेत. पिलांना आईपासून एकदम तोडू नये, हळूहळू तोडावे. सातूची भाकरी द्यावी, पण ती दुधात भिजवून द्यावी. आणि मेलेल्या मेंढराचे मांस मात्र चाखू देऊ नये, नाही तर त्या चवीने राखणदारच भक्षक होईल. दोन हजार वर्षांपूर्वीच्या या शेवटच्या नियमास आजच्या पशुवैद्यकाने आणखी एक कारण जोडले आहे. मेलेल्या मेंढीचा कच्चा मेंदू व आतडी कुत्र्याने खाल्ली की काही पट्टकृमी त्याच्या पोटात वाढतात, त्यांची अंडी विष्ठेवाटे गवतावर पडतात, आणि त्यांतून मेंढीच्या मेंदूत पाण्याचे फोड होऊन ती गरगर फिरत मरते. अशाच एका कृमीमुळे मनुष्याच्याही यकृतात व फुप्फुसात गाठी होतात. कळपाचा रोग कित्येकदा कुत्र्याच्या थाळीतून येतो, तो असा.

परंतु केवळ अन्नाने राखणदार होत नाही. चार्ल्स डार्विन १८३३ साली दक्षिण अमेरिकेत, आजच्या उरुग्वे देशात, हिंडत असता त्याला मैलोगणती अंतरावर माणसाविना कळप राखणारी कुत्री दिसली. त्याने चौकशी केली. पिलू अगदी लहान असताना आईपासून काढून घेत, दिवसातून तीन-चार वेळा मेंढीस पाजत, मेंढवाड्यातच त्याला लोकरीचे अंथरूण करीत, आणि इतर कुत्र्यांशी वा घरच्या मुलांशी खेळू देत नसत. मोठे झाल्यावर ते दररोज घरी येऊन आपला मांसाचा तुकडा नेई. त्या वेळी घरची कुत्री त्याचा पाठलाग करीत. पण कळपाशी पोचताच ते वळून भुंकू लागे आणि पाठलाग करणारी सारी पळ काढीत. कळप हाच त्याचा कुटुंबकबिला झालेला असे. या निरीक्षणामागील मर्म पुढे अमेरिकेत स्कॉट आणि फुलर यांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात उलगडले. वयाच्या तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंत पिलाच्या मनाचे दार उघडे असते. त्या काळात जो जो त्याच्या सहवासात येतो तो त्याचा आप्त होतो. नंतर ते दार हळूहळू लोटले जाते.

शिरूर-दौंडच्या माळावरील धनगरांनी हे कोणत्याही ग्रंथात वाचले नव्हते. त्यांच्या वाड्याची रचनाच अशी की, ही शाळा आपोआप भरावी. सकाळी कळप चरावयास गेला की वाड्यावर मागे राहतात ती कोवळी कोकरे, लहान मुले आणि धनगरीण. पिलूही त्यांच्यातच राहते. कोकराच्या अंगाला टेकून ते झोपते, मुलांच्या मागे धावते, आणि भाकरी थापणाऱ्या हाताकडे टक लावून बसते. त्या हातून मिळणारा ताकात कुस्करलेला तुकडा हे त्याचे पहिले वेतन. डार्विनने पाहिलेल्या पिलास मनुष्याचा सहवास नाकारला जात होता. येथे मात्र मेंढरू आणि माणूस हे दोन्ही त्याचे आप्त होतात. पाऊस सरला की वाडा घोड्यांवर बिऱ्हाड लादून कोकणाच्या वाटेस लागतो, रोज नव्या शेतात मेंढरे बसतात, आणि रोज नव्या अंधारात कुत्र्याला आपली हद्द ओळखावी लागते. ज्याला घराच्या भिंती नाहीत, त्याला माणसे आणि मेंढरे हीच भिंत. म्हणून वाड्यावरच्या कुत्र्याचा खरा गुरू बहुधा काठीवाला मेंढका नसून भाकरी टाकणारी बाई असते, असे म्हणावयास हरकत नाही.

हे वेतन वेळेवर देणे हा या भागात धर्माचाही भाग झाला आहे. दौंडच्या पश्चिमेस असलेल्या पुरंदर तालुक्यातील जेजुरीचा खंडोबा हे धनगरांचे मोठे दैवत, आणि कुत्रे हे त्याचे सोबती. मार्गशीर्षातील चंपाषष्ठीस वांग्याचे भरीत आणि बाजरीचा रोडगा यांचा नैवेद्य होतो, त्यातील वाटा कुत्र्यास घातला जातो. खंडोबाचे वाघे तर स्वतःस देवाची कुत्री म्हणवितात. कोटंब्यात वाढलेले अन्न भुंकत, जमिनीवर ओणवे होऊन खाण्याची त्यांची रीत जुन्या वर्णनांत नमूद आहे. भैरवाचे वाहन कुत्रा, दत्ताच्या पायाशीही कुत्रे. आणि कुत्र्याने भाकरी पळविली असता तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावणारे नामदेव तर भीमेच्याच काठचे. भाकरी कोरडी जाऊ नये, ही त्या कथेतील कळकळ पिलू वाढविणारास सहज कळेल.

अलीकडच्या काळात मात्र ही शाळा मोडत चालली आहे. चिंचणीचे घोड धरण आणि खडकवासल्याचा कालवा यांचे पाणी माळाशेजारी आले, ऊस उभा राहिला, चराऊ जमीन आक्रसली. उसात बिबट्या वस्तीस आला, आणि कुत्रे हे त्याचे सोपे भक्ष्य झाले. अकोले तालुक्यात विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात बिबट्याच्या आहारात सर्वांत मोठा वाटा पाळीव कुत्र्याचाच आढळला. दुसरीकडे, ज्यांना ना कळप उरला ना धनी, अशी कुत्री माळावर मोकाट फिरू लागली. २०२३ साली पुणे जिल्ह्यात लांडगा आणि कुत्रा यांच्या संकरातून जन्मलेल्या प्राण्यांची जनुकीय तपासणीने खात्री झाल्याचे प्रसिद्ध झाले. थोड्या उरलेल्या लांडग्यांचे कूळ अशाने पातळ होते, आणि कुत्र्यांकडून रेबीज व डिस्टेंपर हे रोगही त्यांच्यात शिरतात. मनुष्यास होणारा रेबीज तर जवळजवळ सर्वस्वी कुत्र्याच्याच चाव्याने होतो. न शिकविलेले, न टोचलेले आणि न पोसलेले एक पिलू माणूस, मेंढरू आणि लांडगा या तिघांसही घातक ठरते.

म्हणून जुन्या शाळेतील धडे आणि नवे शास्त्र यांची सांगड घालणे अवश्य आहे. पिलू सहसा सात-आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडू नये. तीन महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा, व पुढे दोन वेळा, ठरल्या जागी व ठरल्या वेळी थोडे थोडे खाऊ घालावे. भाकरी त्याला पचते. परंतु वाढत्या हाडामांसास निव्वळ भाकरी पुरत नाही. तिच्याबरोबर उकडलेले अंडे, शिजलेले मांस, दही यांपैकी काही असावे. तिखट कालवण देऊ नये, आणि कांदा-लसूण तर मुळीच नको, कारण त्याने कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट होतात. शिजविलेले हाडही नको. ते फुटून आतड्यात रुतते. जंताचे औषध आणि सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून लसी सुरू कराव्यात. १९७८ च्या सुमारास जगभर पसरलेला पार्व्हो हा रोग लस न टोचलेली पिले थोड्या दिवसांत नेतो. तीन महिन्यांचे झाले की रेबीजची लस टोचावी, आणि पुढे ती वेळोवेळी पुन्हा द्यावी.

शिक्षणाचेही तसेच. खाणे ठेवताना नाव घ्यावे, म्हणजे नाव आणि तृप्ती यांची गाठ पडते. खाणे होताच बाहेर न्यावे, म्हणजे घर घाण होत नाही. चांगले वागताच त्याच क्षणी तुकडा द्यावा. घटकाभराने दिलेले बक्षीस वा शिक्षा कशाबद्दल, हे पिलास उमगत नाही. कोकरांशी ते मस्ती करू लागले, तर मारू नये. दोरीने बाजूस घ्यावे, आणि शांत झाल्यावर पुन्हा सोडावे. मारलेले पिलू हात ओळखते, पण भीतीने. आणि भ्यालेला राखणदार अंधारात कोणाचाच नसतो.

इनामगावच्या झोपडीपुढे सातूचा तुकडा टाकला गेला, तेव्हापासून घोड-भीमेच्या काठी किती राजवटी आल्या आणि गेल्या. प्रत्येक पिलू मात्र लांडग्याच्या दारातच जन्मते, आणि पहिल्या बारा आठवड्यांत कोण त्याला जवळ घेतो यावर ते कोणत्या बाजूस उभे राहणार हे ठरते. शेपूट वाकडेच राहील. ते कोणाला पाहून हलावे, एवढे मात्र भाकरी देणाऱ्या हाताच्या स्वाधीन आहे.